समुद्राच्या चौकातलं कॅथेड्रल

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर सेंट डेव्हिड्स नावाचं एक गाव आहे. कायद्याने ते शहर आहे, ब्रिटनमधलं सगळ्यात लहान शहर. वस्ती दोन हजारांच्या आत. एक चौक, चौकात जुना दगडी क्रूस, तिथून फुटणारे चार-सहा रस्ते, आणि कुठल्याही रस्त्याने थोडं चाललं की शेतं लागतात. वेल्समधलं सर्वांत मानाचं कॅथेड्रल याच गावात आहे असं ऐकून आलेला माणूस चौकात उभा राहून आभाळाकडे बघतो, आणि त्याला मनोरा काही दिसत नाही.

मध्ययुगातली कॅथेड्रलं लांबून दिसावीत अशीच बांधली जात. टेकडी असेल तर टेकडीवर, सपाटी असेल तर उंच कळस चढवून. इथे सगळं उलट आहे. चौकातून एक अरुंद गल्ली उतरते, तिच्या शेवटी जुन्या तटाचा दरवाजा लागतो. त्या कमानीखालून पलीकडे गेलं की जमीन एकदम खाली जाते. समोर हिरवा खोलगट उतार, तळाशी आलिन नावाची छोटीशी नदी आणि नदीकाठी जांभळट-करड्या दगडाचं अख्खं कॅथेड्रल. मनोऱ्याचा माथा आपल्या नजरेच्या जवळपास बरोबरीने. खाली जायला ३९ पायऱ्या आहेत. अँग्लिकन पंथाची श्रद्धेची कलमंही ३९, त्यामुळे पायऱ्यांना लोकांनी तेच नाव देऊन टाकलंय.

इतकं मोठं काम खळग्यात का लपवलं, आणि मुळात देशाच्या या कोपऱ्यात का केलं, हे दोन्ही प्रश्न आपल्याला पडतात कारण आपण रस्त्याने आलेले असतो. लंडनहून निघालेल्या माणसाला हे जगाचं टोक वाटतं. नकाशावरचे रस्ते आणि रेल्वेमार्ग पुसून टाकले आणि फक्त पाणी ठेवलं, की चित्र पालटतं. सहाव्या शतकात रोमन रस्ते मोडकळीला आले होते, मधल्या रानांतून आणि डोंगरांतून जाणं जिवावरचं होतं, आणि माणसं, मीठ, दारू, पुस्तकं, संत सगळे होडीने फिरत होते. या टोकावरून आयर्लंड शंभर किलोमीटरच्या आत आहे. दक्षिणेला कॉर्नवॉल, त्याच्या खाली फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, उत्तरेला अँगलसी आणि आइल ऑफ मॅन. या सगळ्या जलवाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकात हे गाव आहे. कॅथेड्रलपासून दीड-दोन किलोमीटरवर पोर्थ क्लाइस नावाची चिंचोळी खाडी आहे. आज तिथे लहान होड्या असतात. एके काळी ते या धर्मक्षेत्राचं प्रवेशद्वार होतं.

आणि समुद्र जसा भाविक आणतो तसाच लुटारूही आणतो, म्हणून खळगा. समुद्रावरून जाणाऱ्या गलबताला इमारत दिसू नये एवढी काळजी संस्थापकांनी घेतली असावी. ती पुढे फारशी उपयोगी पडली नाही, ते येईलच.

संस्थापक म्हणजे संत डेव्हिड. वेल्श लोक त्यांना डेवी म्हणतात, आणि गावाला टीडेवी, म्हणजे डेवीचं घर. हे वेल्सचे राष्ट्रसंत. १ मार्च हा त्यांचा दिवस, वेल्समध्ये आजही पोरं त्या दिवशी पारंपरिक पोशाख करून शाळेत जातात. सहाव्या शतकात ते होऊन गेले एवढं इतिहास खात्रीने सांगतो. बाकीचं चरित्र आपल्याला मिळतं ते त्यांच्यानंतर पाचशे वर्षांनी रिगिवार्ख नावाच्या विद्वानाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथातून. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. लानडेवी ब्रेवी इथल्या धर्मसभेत गर्दीला संत दिसेनात, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन टेकडीसारखी वर आली, ही कथा वेल्समध्ये सगळ्यांना माहीत असते. मला मात्र त्यातला मठाच्या नियमांचा भाग जास्त भावतो. या मठात नांगराला बैल नव्हते. भिक्षू स्वतः जू खांद्यावर घेऊन नांगर ओढत. जेवण म्हणजे भाकरी, पाला आणि मीठ, प्यायला पाणी. कुणी ‘माझं पुस्तक’ असं बोलून गेला तर त्याला प्रायश्चित्त होतं, कारण मठात काहीच कुणाचं नव्हतं. ज्या काळात एक ग्रंथ नकलून काढायला महिने लागत आणि कातडी पानांसाठी जनावरांचे कळप लागत, त्या काळात पुस्तकावरचा हक्क सोडणं ही साधी गोष्ट नव्हती.

रिगिवार्खने आणखी एक प्रसंग सांगितलाय. डेव्हिडने या दरीत पहिल्यांदा विस्तव पेटवला तेव्हा त्याचा धूर सगळ्या प्रदेशावर पसरून पार आयर्लंडपर्यंत गेला. जवळच्या टेकडीवर बोया नावाचा आयरिश सरदार राहत होता. तो धूर पाहून त्याने अन्न सोडलं. ज्याच्या चुलीचा धूर जिथवर पोचेल तिथवर त्याची सत्ता चालेल, हे त्याला कळून चुकलं होतं. ती टेकडी आजही बोयाच्याच नावाने ओळखली जाते. अकराव्या शतकातल्या लेखकाला इथला प्रभाव दाखवताना धूर समुद्रापार न्यावासा वाटला, यातच या जागेचा भूगोल आला.

मठाची कीर्ती विद्येसाठी होती. नवव्या शतकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आपल्या दरबारी विद्वान गोळा करत होता, तेव्हा त्याने इथल्या अ‍ॅसर नावाच्या भिक्षूला बोलावणं धाडलं. अ‍ॅसरने लगेच होकार दिला नाही. अखेर वर्षातले काही महिने राजाकडे, काही महिने आपल्या मठात असा तोडगा निघाला. त्याच अ‍ॅसरने ८९३ साली आल्फ्रेडचं चरित्र लिहिलं. इंग्लंडच्या सर्वांत लाडक्या राजाविषयी आपल्याला जे जवळून कळतं, त्यातलं बरंचसं या वेल्श खळग्यात शिकलेल्या माणसामुळे.

मग व्हायकिंग आले, आणि येतच राहिले. ९९९ साली त्यांनी बिशप मोर्गेनाई यांना ठार केलं. दोनशे वर्षांनी लिहिताना जेराल्ड नावाचा लेखक सांगतो की मोर्गेनाई हे इथले मांस खाणारे पहिले बिशप, आणि ज्या रात्री ते मेले त्या रात्री आयर्लंडमधल्या एका बिशपच्या स्वप्नात जाऊन त्यांनी आपल्या जखमा दाखवल्या आणि हे मांस खाल्ल्याचं फळ असल्याचं सांगितलं. भाकरी-पाल्याचा नियम चारशे वर्षांनंतरही लोकांच्या मनात किती पक्का होता, हे त्यातून दिसतं. १०८० साली बिशप अब्राहम मारले गेले. त्यांच्या दोन मुलांच्या, हेद आणि आयझॅक यांच्या, थडग्याचा कोरीव दगड १८९१ साली कॅथेड्रलच्या भिंतीत सापडला. बिशपच्या मुलांची समाधी सन्मानाने चर्चमध्येच उभारली गेली, कारण तेव्हाच्या वेल्समध्ये बिशप संसार करत आणि विद्या बापाकडून लेकाकडे जाई. अब्राहमच्या आधी आणि नंतर बिशप असलेल्या सिलियेनचे चार मुलगे पंडित होते. चरित्रकार रिगिवार्ख त्यांतलाच एक.

अब्राहमच्या हत्येनंतर एकाच वर्षात, १०८१ साली, दोन मोठ्या घटना इथे घडल्या. आयर्लंडहून फौज घेऊन आलेला ग्रिफिद आप कनन आणि दक्षिण वेल्सचा परागंदा राजा रीस आप ट्यूडर यांनी संत डेव्हिडच्या अवशेषांवर हात ठेवून एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली, आणि त्यानंतर लढाई जिंकून आपापली राज्यं परत मिळवली. आणि त्याच वर्षी इंग्लंड जिंकलेला नॉर्मन राजा विल्यम द कॉन्करर स्वतः इथे आला. इतिवृत्तं म्हणतात तो प्रार्थनेसाठी आला. प्रार्थना केली असेलही, पण या बंदरावर कुणाचा ताबा आहे हे बघायला आला असणार, असं मला वाटतं.

नॉर्मन सत्ता आली तसा प्रश्न उभा राहिला की वेल्सच्या चर्चचा धनी कोण. कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नव्हे. बिशपचं आसन जिथे असतं ते कॅथेड्रल, आणि त्या आसनाच्या अधिकारातला मुलूख म्हणजे त्याचा धर्मप्रांत. सेंट डेव्हिड्सचा धर्मप्रांत अफाट होता. वेल्सचा सगळा नैर्ऋत्य भाग आणि मध्य वेल्सचा मोठा पट्टा त्यात येत होता. इथल्या लोकांचं म्हणणं होतं की आमचा बिशप हा आर्चबिशप आहे आणि आमच्या वर थेट पोप. इंग्लंडच्या प्रमुख आर्चबिशपांचं आसन कँटरबरीला, आणि त्यांचं म्हणणं होतं की वेल्सचे सगळे बिशप आमच्या हाताखालचे. रिगिवार्खचं संतचरित्रही या भांडणातलं हत्यार होतं. डेव्हिडला जेरुसलेममध्ये आर्चबिशप केलं गेलं, असं त्याने त्यात लिहून ठेवलंय. १११५ साली राजाने बर्नार्ड नावाचा नॉर्मन बिशप लादला. त्याने कँटरबरीशी निष्ठेची शपथ घेतली, आणि काही वर्षं इथे राहिल्यावर तोच इथल्या स्वातंत्र्यासाठी रोमकडे दाद मागू लागला. जागाच तशी आहे, बाहेरून आलेल्याला आपलंसं करून घेणारी. त्याच्याच काळात पोप कॅलिक्स्टस दुसरे यांनी सेंट डेव्हिड्सची महती मान्य केली, आणि इथल्या दोन वाऱ्या केल्या की रोमच्या एका वारीचं पुण्य, असं गणित ख्रिस्ती जगात रूढ झालं. तीन केल्या तर जेरुसलेमचं.

राजेही आले. ११७२ साली दुसरा हेन्री आयर्लंडहून परतताना इथे उतरला, तेव्हाची गोष्ट जेराल्डने लिहून ठेवली आहे. आलिन नदीवर तेव्हा पुलाऐवजी एक लांबरुंद संगमरवरी शिळा टाकलेली होती, पावलांनी घासून गुळगुळीत झालेली. तिचं नाव लेखलावार, म्हणजे बोलणारी शिळा. एकदा तिच्यावरून प्रेत नेत असताना ती बोलली होती आणि बोलण्याच्या त्या जोराने मधोमध तडकली, म्हणून पुढे तिच्यावरून प्रेतं नेत नसत. दंतकथांमधल्या मर्लिन या द्रष्ट्याचं एक भाकीत लोकांच्या तोंडी होतं की आयर्लंड जिंकणारा इंग्लंडचा राजा या शिळेवर मरेल. त्या दिवशी एका वेल्श बाईने बिशपविरुद्ध राजापुढे गाऱ्हाणं घातलं. दाद मिळेना तेव्हा तिने टाळ्या पिटत शिळेलाच हाक मारली की आमचा सूड घे. राजाला भाकीत माहीत होतं. तो शिळेपाशी थांबला, तिच्याकडे नीट पाहून घेतलं, आणि झपाझप पलीकडे गेला. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, आता त्या खोटारड्या मर्लिनवर कोण विश्वास ठेवील? गर्दीतला एकजण लगेच बोलला की मर्लिन खोटा नाही, आयर्लंड जिंकणारा राजा तू नव्हेसच. ती शिळा आता नाही, पण नदी आहे, तिच्यावर पूल आहे, आणि त्या गर्दीतल्या माणसाचं धारिष्ट आठशे वर्षांनंतरही ताजं वाटतं.

हा जेराल्ड कोण, ते सांगायलाच हवं, कारण या जागेवर इतकं प्रेम दुसऱ्या कुणी क्वचितच केलं असेल. ११४६ च्या सुमारास पेम्ब्रोकशायरमधल्या मॅनोर्बियरच्या किल्ल्यात त्याचा जन्म झाला. रक्ताने तीन भाग नॉर्मन, एक भाग वेल्श. शिक्षण पॅरिसमध्ये. मामा सेंट डेव्हिड्सचे बिशप. मामा वारल्यावर ११७६ साली इथल्या धर्ममंडळाला, म्हणजे कॅथेड्रलच्या पुरोहितांच्या मंडळाला, जेराल्डच बिशप हवा होता, पण दुसऱ्या हेन्रीने नाकारलं. वेल्श राजघराण्याच्या नातलगाला एवढं मोठं आसन द्यायचं, ही जोखीम राजाला नको होती. ११८८ साली कँटरबरीचे आर्चबिशप बाल्डविन धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करत वेल्सभर फिरले, तेव्हा जेराल्ड त्यांच्याबरोबर होता. त्या प्रवासाचं त्याने लिहिलेलं वर्णन म्हणजे बाराव्या शतकातल्या वेल्सची खिडकी आहे: नद्या, बीव्हर, चेटूक, गाणी, माणसांचे स्वभाव, सगळं. बाल्डविननी वाटेत सेंट डेव्हिड्सच्या मुख्य वेदीवर मिस्सा अर्पण केली. दिसायला ती भक्ती होती, पण तिथले सगळे जाणत होते की यातून कँटरबरीचा हक्क बजावला जातोय.

११९९ साली धर्ममंडळाने पुन्हा जेराल्डला निवडलं. कँटरबरीने पुन्हा नकार दिला. मग या पन्नाशी उलटलेल्या माणसाने आल्प्स ओलांडून तीन वेळा रोम गाठलं. वाटेत कर्ज झालं, अटक झाली, सोबती फुटले. पोप इनोसंट तिसरे यांना त्याने नजराणा म्हणून स्वतःची सहा पुस्तकं दिली. पोपना ती आवडली, पण निकाल १२०३ साली विरोधात गेला आणि आसन दुसऱ्याला मिळालं. उरलेलं आयुष्य जेराल्डने लिहिण्यात काढलं. त्याच्या हयातीत त्याला हवं होतं त्यातलं काहीच झालं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खाली दरीत आजची इमारत उभी राहत होती. बिशप पीटर द लेया यांनी ११८१ साली काम सुरू केलं. दगड जवळचाच, काएरबुडी आणि आसपासच्या कड्यांमधून फोडलेला वालुकाश्म. ओला झाला की त्याचा जांभळा रंग गडद होतो. पण लपायला निवडलेली जागा बांधायला वाईट होती. खाली नदीकाठची पाणथळ, भुसभुशीत जमीन. १२२० साली मधला मनोरा कोसळला. १२४७-४८ च्या सुमाराला भूकंपाने भिंती हलल्या. तेव्हापासून ही इमारत सरळ राहिलेलीच नाही.

पश्चिमेच्या दारातून आत गेलं की आधी डोळ्यांना पटत नाही, मग पाय सांगतात. आपण चढ चढत असतो. पश्चिमेकडच्या टोकापेक्षा पूर्वेकडचं टोक जवळजवळ चार मीटर उंच आहे. खांबांची एक रांग धरून बघत गेलं तर प्रत्येक खांब थोडा वेगळ्या कोनात बाहेर झुकलेला. त्यांच्यावरच्या कमानी अर्धगोल, जुन्या धाटणीच्या. त्यांच्या वरच्या मजल्याला टोकदार कमानी, म्हणजे काम चालू असतानाच फॅशन बदलली होती. कमानींवर नागमोडी, साखळीच्या, पानाफुलांच्या किनारी कोरल्यात. दगडी छत घालायचा बेत होता, त्याच्या आधाराची सुरुवात भिंतीतून निघालेली आजही दिसते, पण झुकलेल्या भिंतींवर तो भार टाकायची छाती कुणाला झाली नाही. म्हणून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओकच्या लाकडाचं सपाट छत घातलं गेलं. सपाट म्हटलं, पण त्यातून उलट्या टांगलेल्या कळसांसारखे नक्षीदार लोलक खाली उतरलेत, आणि लाकडातली ती जाळी इतकी नाजूक आहे की एका कमजोरीपोटी हे करावं लागलं, हे विसरायला होतं. जमीन चढती, भिंती बाहेर कललेल्या आणि वर लाकडाची ही अचूक भूमिती. तीनही एकाच नजरेत येतात.

पुढे दगडी पडद्यापलीकडे धर्ममंडळाच्या बैठका आहेत. इथली लाकडी आसनं वर उचलता येतात. उचलली की खालच्या बाजूला एक छोटी फळी दिसते. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणणाऱ्या म्हाताऱ्या पुरोहितांना नकळत टेकता यावं म्हणून. त्या फळीखाली पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सुतारांनी मनाला येईल ते कोरलं. एका आसनाखाली होडी बांधणं चाललंय: एकजण कामात, दुसरा काम थांबवून कटोऱ्यातून पितोय. दुसऱ्या आसनाखाली खवळलेल्या पाण्यातली होडी, आत चार माणसं, आणि त्यांतल्या एकाला बोट लागलीय. तो होडीच्या काठावरून वाकलाय. वेदीपासून चार पावलांवर, धर्ममंडळाच्या बैठकीखाली, सुताराने हे कोरलं आणि कुणी काढायला लावलं नाही. ते समुद्राने येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या अनुभवाचं होतं. याच बैठकांमध्ये एक आसन राज्यकर्त्याचं आहे. ब्रिटनचा राजा किंवा राणी या धर्ममंडळाचा सदस्य असतो.

बाजूच्या भागात दक्षिण वेल्सच्या लॉर्ड रीस यांची मानली जाणारी समाधी आहे. त्यांचं आणि बिशप पीटर यांचं वैर होतं. रीसच्या मुलांनी बिशपना रात्री घरातून ओढून अंगावरच्या सदऱ्यानिशी रानातून फरफटत नेलं होतं. त्यामुळे रीस बहिष्कृत झाले आणि ११९७ साली बहिष्कृत अवस्थेतच वारले. इथे दफन व्हावं म्हणून त्यांच्या मृतदेहाला आधी फटके मारण्यात आले. ज्यांच्या दरबारात वेल्श कवींचा आणि गायकांचा सन्मान झाला, त्या राजपुरुषाची ही अखेर वाचताना अंगावर काटा येतो.

नदीपलीकडे बिशपांच्या वाड्याचे अवशेष आहेत. चौदाव्या शतकात बिशप हेन्री गावर यांनी तो वाढवला आणि वर कमानींचा कठडा घालून त्यात दोन रंगांच्या दगडांचा बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना बसवला. छप्पर मात्र नाही. लोककथा म्हणते की सोळाव्या शतकातले बिशप विल्यम बार्लो यांनी पाच मुलींच्या हुंड्यासाठी छताचं शिसं विकलं. मुली पाच होत्या आणि पाचही बिशपांच्या घरी पडल्या, एवढं खरं. बार्लो रोमशी फारकत घेणाऱ्या धर्मसुधारणेचे कट्टर पुरस्कर्ते. संताचे अवशेष त्यांनी जप्त केले आणि बिशपचं आसनच इथून हलवून कार्मार्थनला न्यायचा प्रयत्न केला. आसन हललं नाही, बिशपांचं राहणं मात्र कार्मार्थनजवळच्या आबरग्विलीला गेलं.

त्या स्थलांतरातून वेगळंच काही निघालं. १५६० च्या दशकात आबरग्विलीच्या घरी बिशप रिचर्ड डेव्हिस आणि पंडित विल्यम सेल्सबरी एकत्र बसले आणि त्यांनी नवा करार वेल्शमध्ये आणला. १५६७ साली तो छापला गेला. एकवीस वर्षांनी विल्यम मॉर्गन यांचं संपूर्ण वेल्श बायबल आलं. इंग्रजी ही कचेरीची आणि कायद्याची एकमेव भाषा झालेली असताना वेल्श मात्र दर रविवारी प्रत्येक चर्चमधून मोठ्याने वाचली जाऊ लागली. वेल्श आज जिवंत आहे त्याला बरीच कारणं आहेत; हे मला त्यातलं पहिलं वाटतं.

कॅथेड्रलचे दिवस मात्र वाईट आले. १६४८ साली, यादवी युद्धात, पार्लमेंटच्या सैनिकांनी छताचं शिसं उतरवून नेलं, आणि पूर्वेकडचा निम्मा भाग पावसात उघडा पडला. मेरीमातेच्या चॅपेलचं दगडी छत पुढच्या शतकात कोसळलं आणि विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत तिथे गवत होतं. १७९३ साली जॉन नॅश यांनी पश्चिमेची बाहेर कललेली भिंत नव्याने बांधली. पुढे लंडनमध्ये रीजंट स्ट्रीट उभारणारे तेच हे नॅश. ते काम टिकलं नाही. अखेर १८६२ पासून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी सूत्रं घेतली. मधला मनोरा त्याखालच्या दोन चिरडत चाललेल्या खांबांवर तोलला होता. स्कॉट यांनी लाकडी टेकूंवर सगळा भार उचलून धरला आणि खालचे खांब काढून नवे भरले. खाली पाणी झिरपत होतं, ते बाहेर काढलं. तेव्हाचे बिशप कॉनॉप थर्लवॉल, ग्रीसचा इतिहास लिहिणारे इंग्रज विद्वान. इथे नेमणूक झाल्यावर ते वेल्श शिकले आणि त्या भाषेत प्रवचनं देऊ लागले.

स्कॉट यांच्याच कामात एका चॅपेलच्या भिंतीत चुनेगच्चीत दडवलेली हाडं सापडली. धर्मसुधारणेच्या काळात कुणा भाविकाने संताचे अवशेष असे वाचवले असतील, या विश्वासाने ती ओकच्या पेटीत जपली गेली. १९९० च्या दशकात कार्बन चाचणी झाली, आणि ती डेव्हिडनंतर किमान पाच शतकांनी जगलेल्या माणसांची निघाली. कॅथेड्रलने ते लपवलं नाही, आणि पेटीही हलवली नाही. १२७५ सालच्या संतसमाधीचा चौथरा कित्येक शतकं रिकामा होता. त्यावर नवी रंगीत संतचित्रं आणि लाकडी छत्र बसवून १ मार्च २०१२ ला ती पुन्हा अर्पण करण्यात आली. आता लोक पायी येतात, मेणबत्ती लावतात.

रोजचं जगणंही चालू आहे. १९६६ पासून इथल्या मुख्य गायकवृंदात वरच्या पट्टीतला आवाज मुलींचा आहे. ब्रिटनच्या इतर बहुतेक कॅथेड्रलमध्ये तेव्हा मुलींना तिथे जागाच नव्हती. सगळ्या मुली या एवढ्याशा गावातल्या आणि आसपासच्या शाळांतल्या. घंटा मनोऱ्यात नाहीत, कारण त्याला ते हादरे सोसणार नाहीत; त्या वर गावाच्या बाजूला, तटाच्या दरवाजाशेजारच्या अष्टकोनी बुरुजात टांगल्यात. त्यामुळे घंटा ऐकू येतात त्या वरून. दुरुस्तीला दगड लागला तेव्हा काएरबुडीच्या कड्याकडेच जावं लागलं. गावाला शहराचा दर्जा १९९४ साली राणी एलिझाबेथने परत दिला. आणि २०१७ साली जोआना पेनबर्थी इथल्या बिशप झाल्या, वेल्समधल्या पहिल्या स्त्री बिशप.

धर्मप्रांत आता लहान झालाय. १९२३ साली स्वान्सी आणि ब्रेकनचा वेगळा प्रांत निघाला, आणि उरले ते पेम्ब्रोकशायर, कार्मार्थनशायर आणि केरेडिगियन. त्याच्या तीन वर्षं आधी आणखी मोठी घटना घडली होती. वेल्समधले बहुसंख्य लोक तोवर चॅपेलवाले, म्हणजे राजधर्माबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांचे, झाले होते, राजधर्माच्या चर्चला दशमांश द्यायला तयार नव्हते. लांबलेल्या राजकीय लढ्यानंतर ३१ मार्च १९२० रोजी वेल्सचं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं. चर्चमधल्या अनेकांना ही हार वाटली. पण कँटरबरीचा अधिकार त्या दिवशी संपला आणि वेल्सला स्वतःचा आर्चबिशप मिळाला. तो मान कुठल्याही एका आसनाला बांधलेला नाही, सगळ्या बिशपांमधून निवड होते. पहिला सेंट असफचा होता. १९४४ साली निवड झाली डेव्हिड प्रॉसर यांची, आणि ते सेंट डेव्हिड्सचे बिशप होते. जेराल्डचा दावा रोमने फेटाळल्याला तेव्हा ७४१ वर्षं झाली होती.